उजवा कप

मेहरूणच्या तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, कडुलिंबाखाली तोताराम तायडे मिस्तरीचं सायकलचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, तर वर चार पत्रे, खाली हवेचा पंप, पाण्याचं घमेलं आणि भाड्यानं द्यायच्या काळ्या सायकली. नव्वद साल उलटून गेलं होतं. ज्याला त्याला आता लुना हवी होती. सायकल मागायला यायची ती शाळेतली पोरं, आणि तीही परत आणताना चाक वाकवून आणायची. तोताराम दिवसभर उकिडवा बसून पंक्चर काढायचा आणि संध्याकाळी उठताना आधी एक हात झाडाला लावायचा, मग दुसरा गुडघ्याला. पन्नाशी ओलांडलेला माणूस, पण थकलो असं कधी म्हणायचा नाही. म्हणून तरी काय होणार? थकवा काय कुणी वाटून घेतो?

एका गोष्टीचा मात्र त्याला ताठा होता. तो आधीच सांगितलेला बरा, कारण पुढचं सगळं त्यातूनच घडलं. पॅडलांचा दांडा ज्या आडव्या नळीतून जातो, तिच्या दोन्ही तोंडांना आट्यांचे कप फिरवून बसवलेले असतात. डावा कप बाटलीच्या झाकणासारखा उघडतो. उजव्याचे आटे उलटे. झाकण आवळताना जसं फिरवतो तसा तो फिरवला, की उघडतो. नवशिका मिस्तरी नेमका तिथंच तोंडावर पडतो. तोताराम पहूरहून जळगावला काम शिकायला आला, तेव्हा उस्तादानं पाठीत धपाटा घालून त्याला हे शिकवलं होतं: उजवा कप उलटा. तेव्हापासून त्यानं इतके कप खोलले, पण एकानंही उस्तादाला खोटं पाडलं नव्हतं. शाळा फारशी शिकायला मिळाली नाही, पण हे एक वाक्य त्याच्या मालकीचं होतं.

त्याची एकुलती एक लेक विशाखा, बारावीला होती. दुकानातली एखादी सायकल रिकामी दिसली, की ती तलावाला फेऱ्या मारायला निघायची. जिल्ह्याच्या शर्यतीत ती त्याच जड काळ्या सायकलीवर पहिली आली आणि सगळ्या गल्लीची मान उंच झाली. आता धुळ्याला विभागाची शर्यत होती. पहिल्या तिघी राज्याला जाणार होत्या. कॉलेजातल्या खेळाच्या बाई मुद्दाम दुकानावर आल्या.

"तायडेभाऊ, नाशिककडच्या मुली रेसिंग सायकली घेऊन येतात," त्या म्हणाल्या. "या काळ्या म्हशीवर ही किती ओढणार? काहीतरी बघा."

विशाखा बाजूला उभी राहून ऐकत होती. पोर कधी काही मागत नसे, आणि तोतारामाला तेच जास्त टोचायचं. मागितलं असतं तर निदान नाही तरी म्हणता आलं असतं.

धुळ्याला आग्रा रोडवर कांतीलाल सेठचं सायकलीच्या सुट्या भागांचं दुकान होतं. तोताराम माल आणायला तिथं जायचा. त्या दुकानात छताजवळ एक फ्रेम वर्षानुवर्षं टांगलेली त्यानं पाहिली होती. बारीक नळ्या, सांध्यांवर नाजूक कोरीवकाम, पुढच्या चाकाचा हलका चिमटा आणि वरून कुणीतरी फासलेला हिरवा रंग. तोताराम एसटीनं धुळ्याला गेला. ट्यूबा मागितल्या, बेअरिंगच्या गोट्या मागितल्या, चहा घेतला, आणि उठता उठता सहज आठवल्यासारखं म्हणाला, "सेठ, ती वरची फ्रेम काढायची का?" ताकाला जाऊन भांडं लपवायची त्याची खोड जुनीच.

"बठ्ठी जळमटं शे तिच्यावर," कांतीलाल हसला. खानदेशात जन्म गेलेला मारवाडी, गिऱ्हाइकाशी असाच अहिराणी मिसळून बोलायचा. "न्या भाऊ, न्या. तेवढी भिंत मोकळी होईल."

फ्रेम कुठली, कुणाची, इथं कशी आली, हे तोतारामानं विचारलं नाही. मिस्तरीनं दुकानदाराला असलं विचारायचं असतं का? मग मिस्तरी कशाला म्हणवून घ्यायचं?

"ही कोण नवी आणली?" दारात फ्रेम बघून त्याची बायको द्रौपदाबाई म्हणाली. "माझ्यापेक्षा बारीक दिसते."

तोताराम हसला. त्या महिन्यात तो हसला तो तेवढाच.

रंग खरवडून बघितला. खालून निळा निघाला आणि एका नळीवर पुसट अक्षरांचा अर्धा शब्द, जो विशाखालाही लागेना. तोतारामानं कोरीव सांध्यांवरून बोट फिरवलं आणि निकाल देऊन टाकला. "गोऱ्याची आहे. म्हणजे विलायतेची. आपल्या सायकली विलायतेच्याच मापावर बनतात. सगळं बसेल."

पण बसेना. हँडलचा दांडा केसभर जाड झाला, तो कानशीनं घासला. सीटचा दांडा ढिला पडला, त्याला तेलाच्या डब्याची पट्टी कापून गुंडाळली. बारीक चाकांसाठी भुसावळ पालथं घातलं, खाली वळलेल्या हँडलसाठी चाळीसगावच्या भंगारात दिवस घालवला. दिवसा गिऱ्हाइकं, संध्याकाळी हे. जेवायला बसला की कळण्याची भाकरी हातातच राहायची आणि डोळे मिटायचे. जुना डावा कप निमूट निघाला, पण त्या जागी नवा फिरवायला घेतला तर दोन वेढ्यांत अडकून बसला. गंज असेल, असं तो म्हणाला. प्रत्येक भाग त्याला सांगत होता, की बाबा रे, मी तुझ्या मापाची नाही. पण ऐकून घ्यायलाही अंगात थोडी ताकद लागते.

राहिला उजवा कप. आतून झिजून त्याला खड्डे पडलेले, म्हणजे काढणं भागच. दोन दिवस रॉकेल पाजलं, हलेना. तिसऱ्या दिवशी दुपारी तो घरी जेवून आला, तर विशाखा पाना लावून बसलेली.

"आबा, हलला," ती म्हणाली. "थोडासाच, पण हलला. या बाजूनं."

त्यानं पाहिलं. ती झाकण उघडतात तसा फिरवत होती.

"मळ हलला असेल. पाना दे इकडे."

"नाही आबा, खरंच हलला. हात लावून बघा."

"उजवा कप उलटा," तोताराम म्हणाला. आवाज चढला नव्हता, नुसता दमलेला होता. "किती वर्षं ऐकतेस? आता बापाला शिकवायचं राहिलं होतं का?"

तिनं पाना दिला. तोतारामानं पान्याला लांब पाइप चढवला, फ्रेमवर पाय रोवला आणि उस्तादानं शिकवलेल्या बाजूला सगळं वजन टाकलं. कप पुन्हा घट्ट बसला. त्यानं आणखी जोर केला. मग 'कट्' असा आवाज आला.

"बघ," तो म्हणाला. "सुटला."

कप त्याच्या बोटांत मोकळाच फिरायला लागला, आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की काहीतरी तुटलं. फडक्यानं पुसून बघितलं. नळीला तोंडापासून चीर गेली होती, नख आत जाईल एवढी. तो खाली बसला. राग आला नाही, रडू आलं नाही. कुणीतरी अंथरूण घालून द्यावं आणि आपण पडून राहावं, एवढंच वाटलं.

घरी द्रौपदाबाईनं विचारलं, "तुटली कशी?"

तेव्हा तोताराम बोलून गेला. "पोरीनं आधी भलतीकडे फिरवला होता. आटे खराब झाले असणार."

खोटं बोलायचं असं त्याच्या मनात नव्हतं. त्याला तसंच वाटत होतं, आणि थकलेल्या माणसाला जे वाटलं तर बरं, तेच आधी वाटतं. विशाखा चुलीपाशी होती. तिनं मान वर केली नाही. "चुकलंच माझं," एवढं म्हणाली आणि भाकरी उलटली.

शर्यतीला आठवडा उरला होता. चीर भरून निघते का बघावं म्हणून तोताराम फ्रेम खांद्यावर टाकून पुन्हा धुळ्याला गेला. वेल्डिंगवाल्यानं बघूनच मान हलवली. पत्रा इतका पातळ, की ज्योत लावली तर भोक पडेल. ती आडवी नळीच नवी हवी, आणि ती इथं कोण देणार? तोताराम तिथून कांतीलालच्या दुकानात येऊन टेकला. आत कांतीलालची म्हातारी आई सज्जनबाई माळ ओढत बसली होती. फ्रेम बघून तिचा हात थांबला.

"ही तर त्या फ्रान्सच्या पोराची," ती म्हणाली. "आग्रा रोडनं सायकलवर निघाला होता दिल्लीला. इथं ताप आला. आठ दिवस आपल्या ओसरीवर होता, मी खिचडी घालायची. जाताना रेल्वेनं गेला, चाकं कुणाला दिली, ही आपल्याकडे ठेवून गेला."

"फ्रान्सचा?" तोतारामानं विचारलं.

"तुम्ही इचारंच नही ना, भाऊ," कांतीलाल म्हणाला आणि शिडी लावून माळ्यावर चढला. "पाँडेचरीकडचा एक माल वडलांच्या, बापूजींच्या वेळी चुकून आला होता. दोन्ही कप सुलट्या आट्यांचे. फ्रान्सचं माप तसंच असतं म्हणे. इथं कुणालाच बसेनात, परत पाठवले. एक जोडी राहिली असेल बघा."

जोडी होती. ग्रीस लावलेल्या कागदात, कोरी करकरीत. तोतारामानं डावा कप नळीला लावला आणि नुसत्या बोटांनी फिरवला. तो आत गेला, एकदाही न अडखळता, शेवटपर्यंत. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसं त्यानं भुसावळ, चाळीसगाव पालथं घातलं होतं, आणि भाग या माळ्यावर पडून होता. उजवा कप हातात घेऊन तो नळीच्या चिरेकडे बघत राहिला. उजवाही सुलटा. म्हणजे पोरीच्या हातात तो खरंच सुटत होता. सुटलेला कप त्यानं पुन्हा आवळला, आणि नळी फुटेपर्यंत आवळत राहिला.

"घेऊन जा जोडी," कांतीलाल म्हणाला. "आमच्याकडे काय करायची?"

तोतारामानं ती खिशात टाकली. पारोळा, एरंडोल करत गाडी जळगावला आली, तोवर लेकीला काय सांगायचं ते त्यानं मनात जुळवून ठेवलं होतं. दुकानात विशाखा काळ्या सायकलीचं कॅरिअर, स्टँड, मडगार्ड काढत होती, वजन कमी व्हावं म्हणून. तिनं विचारलं, "होते का दुरुस्त?" तो म्हणाला, "नाही." पुढचं उद्या सांगू, असं त्यानं ठरवलं. दुसऱ्या दिवशी पंक्चरची गर्दी होती. तिसऱ्या दिवशी त्याला वाटलं, आता शर्यतीआधी तिच्या डोक्याला ताप नको. आपल्याला न जमणारी गोष्ट माणूस अशी दुसऱ्याच्या सोयीच्या नावावर टाकतो.

धुळ्याच्या शर्यतीत विशाखा चौथी आली. नाशिकच्या दोघी आणि मालेगावची एक पुढे गेल्या. मालेगावची तर अगदी समोर होती. आणखी थोडा रस्ता असता तर विशाखानं तिला गाठलं असतं, असं बघणारे म्हणत होते. पण रस्ता तेवढाच होता. खेळाच्या बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

परतीच्या एसटीत काळी सायकल टपावर बांधली होती. बापलेक शेजारी बसले. गाडी धुळ्याबाहेर पडली.

"आबा," मग विशाखा म्हणाली, "त्या दिवशी मी कपाला हात लावायला नको होता. तुम्ही महिनाभर मेहनत केली आणि मी एका मिनिटात घालवली."

तोतारामाचा हात खिशाकडे गेला. ग्रीसच्या कागदातली जोडी त्यानं काढली आणि तिच्या मांडीवर ठेवली.

"फ्रान्सची होती," तो म्हणाला. "तिचे दोन्ही कप सुलटे. तू बरोबर फिरवलास. तुझ्या हातात सुटत होता. मी तोडली. आणि नाव तुझं घेतलं."

तिनं कागद उघडला, कप बाहेर काढला, आट्यांवरून नख फिरवून बघितलं. सायकलवाल्याची पोर, तिला दाखवायला नको होतं.

"तुम्हाला कधी कळलं?"

"मागच्या आठवड्यात. धुळ्याला गेलो होतो तेव्हा."

पारोळा गेलं. कंडक्टर पुढे जाऊन बसला. तोताराम वाट बघत होता, की ती भांडेल, निदान रडेल तरी. दोन्हीला त्याची तयारी होती. विशाखानं कप कागदात नीट गुंडाळून ठेवला.

"शर्यतीच्या आधी सांगायचं ना, आबा," ती म्हणाली. "सगळा रस्ता माझ्या डोक्यात तेच होतं, की फ्रेम मी घालवली."