आमच्या घरची वरी

कराच्या पावत्या आमच्याकडे तारेत टोचून ठेवत. घरपट्टी, शेतसारा, गाडीबैलांचा कर, सगळं एकावर एक. तार भरली की खांबाला दुसरी तार लटकायची. पुढे पावत्या वाळवीने खाल्ल्या. त्यांच्यामागचे किस्से मात्र वाळवीला पचले नाहीत, ते माझ्याकडे शिल्लक आहेत. मला अक्षर येत नाही. मी सांगते, नात लिहिते. ती मध्येच हसत बसते म्हणून उशीर होतो, एवढंच.

घर तमिळ मुलखात, मेलकावेरीत. तीन भाऊ एकत्र. थोरले अण्णा, त्यांचं पितळी भांड्यांचं दुकान. मधले आमचे हे, वकिलाकडे कारकून. धाकटे बाळभावजी गावोगाव विठ्ठलाची कीर्तनं करत. आम्ही तिघी जावा: थोरल्या अक्का, मधली मी, धाकटी गोदा. आणि या तिघा भावांना लहानाचं मोठं करणाऱ्या त्यांच्या आत्याबाई. नवव्या वर्षी नवरा गेला, तेव्हा या घरात परत आल्या त्या कायमच्या. घराची किल्ली त्यांच्या कमरेला.

*

गोदा बेळगावकडची. तमिळचा एक शब्द कळत नव्हता. लग्नानंतरची पहिली एकादशी, आम्ही सगळ्या देवळात गेलेलो, ती एकटी घरी. म्युन्सिपाल्टीचा माणूस ओट्यावर येऊन ओरडला, "वरि! वरि!"

आता तमिळात वरि म्हणजे कर. गोदाच्या माहेरी वरी म्हणजे उपासाचा भात! तिला वाटलं, बिचारा सकाळपासून उपाशी असेल. तिने केळीचं पान मांडलं, वरी वाढली, वर ताक वाढलं. तोही बसला. जेवला, हात धुतले आणि गेला.

संध्याकाळी अण्णा दुकानातून आले. "वसुलीवाला येऊन गेला म्हणे. वरीचं काय झालं?"

"वाढली," गोदा दाराआडून म्हणाली.

अण्णा मटकन खाली बसले. "वाढली?"

"हो. दोनदा वाढली!"

*

तिघांची कमाई आत्याबाईंच्या हाती यायची. लिहिणं त्यांनाही येत नव्हतं. त्या पैसे मसाल्याच्या डब्यांत वाटून ठेवत. घरपट्टी मेथीच्या डब्यात. मी नवीन असताना विचारलं, "मेथीतच का हो, आत्याबाई?"

"दोन्ही कडू. विसरायला होत नाही."

शेतसारा हिंगाच्या डब्यात. इन्नंबूरला आमची थोडी भातशेती होती. तिथल्या कणक्कुपिळ्ळेकडे, म्हणजे गावच्या हिशेबनिसाकडे, अण्णा सारा भरायला जात. पिशवीचं तोंड सोडलं की सगळ्या पडवीभर हिंगाचा वास. कणक्कुपिळ्ळे पैसे तसेच पेटीत टाकायचा. "आत्याबाईंच्या घरचे. मोजायचे काय!"

एका वर्षी अण्णांना घाई होती. दुकानाच्या गल्ल्यातूनच रुपये उचलले आणि नेले. स्वच्छ, लखलखीत. कणक्कुपिळ्ळेने नाकाजवळ नेले, तीनदा मोजले, एक दातांखाली धरून पाहिला. मग हळूच विचारलं, "सामी, घरात सगळी खुशाल आहेत ना?"

*

इन्कमटॅक्स आला तेव्हा बाळभावजींनी तो अजिबात मनावर घेतला नाही. "कीर्तनकाराला कसली कमाई!" पण फॉर्म आला होता, भरणं भाग होतं. आमचे हे लेखणी घेऊन बसले.

"वर्षभरात काय मिळालं, सांग."

"तिरुविसनल्लूरला एक शाल. पाच-सहा धोतरं. बाकी नारळ."

"किती नारळ?"

"मोजतो कोण? होते पुष्कळ."

"कुठे गेले?"

"चटणीत."

आमचे हे कारकून माणूस, खोटं लिहायचे नाहीत. त्यांनी तसंच लिहिलं. पंधरा दिवसांनी फॉर्म परत आला, खाली लाल शाईत शेरा: 'चटणीची किंमत कळवावी.'

*

पण खरी गंमत पुढेच होती. गंमत म्हणते ती आता. तेव्हा कुणी हसलं नव्हतं.

सरकारने कमाईची एक रेघ ठरवली होती. रेघेच्या खाली असाल तर इन्कमटॅक्स माफ, वर गेलात की भरा. आमचे तिघे भाऊ वेगवेगळे मोजले तर तिघेही खाली. एकत्र मोजले तर वर! आणि नोटीस आली ती एकत्र कुटुंबाच्या नावाने. रक्कम अशी, की अण्णांना दुकानातली निम्मी भांडी मोडीत घालावी लागली असती.

आमचे हे ज्यांच्याकडे कामाला, ते वकील म्हणाले, "अपील करा. विभक्त आहोत म्हणून सांगा. इन्स्पेक्टर घरी येईल, त्याला तीन चुली दाखवा. झालं!"

घरी येऊन अण्णांनी रांगोळीचं पीठ मागितलं. स्वयंपाकघराच्या मधोमध मिठाची दगडी कुंडी असायची, चौघांशिवाय न हलणारी. तिच्यापासून त्यांनी तीन बाजूंना तीन रेघा ओढल्या. एक तर पार माजघरापर्यंत आली. तमिळात रेघेलाही वरिच म्हणतात. वरि चुकवायला वरि ओढली, असं बाळभावजी म्हणाले. अण्णांनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं.

मग ह्यांनी तीन याद्या वाचल्या. अण्णांकडे कोण माणसं, कोणती भांडी. आमच्याकडे काय. बाळभावजींकडे काय. जातं, पाटा, झोपाळा, गाय, सगळ्यांची नावं झाली.

आत्याबाई खांबाला टेकून शेवटपर्यंत ऐकत होत्या. गाय अक्कांच्या यादीत होती. आत्याबाई एकाही यादीत नव्हत्या.

मुद्दाम कुणी केलं नाही. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याने लिहिलं असेल. आत्याबाईंनी कमरेची किल्ली सोडली, कुंडीच्या झाकणावर ठेवली आणि तिथेच शेजारी पाट घेऊन बसल्या.

*

इन्स्पेक्टर कोणत्या दिवशी येईल ते ठाऊक नव्हतं, म्हणून दुसऱ्या दिवसापासूनच तीन चुली पेटल्या. रोज तीन सांबारं, तीन रसमं! मुलांची चैन. सांबार अक्कांकडे, भात माझ्याकडे, पापड गोदाकडे. गोदाकडे विस्तव विझला की रेघेवरून निखारा मागायची आणि अक्का देताना म्हणायच्या, "उद्या परत कर हो, आपण विभक्त आहोत!"

दुपारी मी आत्याबाईंना विचारलं, "जेवलात ना?"

"एकादशी आहे," त्या म्हणाल्या.

असेल, म्हटलं. तिथी त्यांनाच जास्त कळायची.

दुसऱ्या दिवशी अक्कांनी विचारलं. तेव्हाही एकादशी होती.

तिसऱ्या दिवशी गोदाने विचारलं.

संध्याकाळी आम्ही तिघी विहिरीवर एकत्र आलो तेव्हा कुणीतरी बोटं मोजली. आम्ही तिघी तीन ताटं वाढून धावत गेलो. आत्याबाईंनी तिन्हीकडे पाहिलं. "कुणाच्या यादीतलं खाऊ?" एवढंच म्हणाल्या, आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

अण्णा दारात उभे होते. ते ऐकून परत ओट्यावर गेले.

*

चौथ्या दिवशी सकाळी इन्स्पेक्टर आले. काळा कोट, बगलेत रजिस्टर, कपाळावर घाम. अण्णांनी त्यांना माजघरात स्टूल दिलं. तिथून स्वयंपाकघर सगळं दिसायचं. स्टूल नेमकं रेघेवर आलं, पण ते हलवायचं कुणाला सुचलं नाही. बोलणं तमिळात झालं, मी आपल्या भाषेत सांगते.

"चुली?"

"तीन," आमचे हे म्हणाले.

"भांडी?"

"वेगळी. ही यादी."

इन्स्पेक्टरांनी यादी वाचली, चुली मोजल्या, रजिस्टरात लिहिलं. अण्णांनी उपरण्याने तोंड पुसलं. सुटलो, असं सगळ्यांनाच वाटलं. इतक्यात इन्स्पेक्टरांची लेखणी थांबली.

"चुली तीन, तर मिठाची कुंडी एकच कशी?"

कुंडी यादीत घ्यायची राहिली होती! ह्यांनी अण्णांकडे पाहिलं, अण्णांनी बाळभावजींकडे. कीर्तनात तासतास बोलणारा माणूस, तो छताकडे बघायला लागला.

कुंडीशेजारून आत्याबाई बोलल्या. आवाज बारीक झाला होता, पण स्पष्ट. "मीठ सरकारचं आहे, सामी. खड्याखड्यावर सरकारचा कर. त्याची वाटणी आम्ही कशी करणार?"

इन्स्पेक्टरांच्या मिशा हलल्या. हसले की काय, कळलं नाही. त्यांनी पुन्हा यादी उलटीसुलटी केली. तिन्ही पानं पाहिली. मग आत्याबाईंकडे पाहिलं.

"अम्मा, तुमचं नाव इथे दिसत नाही. तुम्ही कुणाकडे?"

"मी मिठाबरोबर."

बाहेर गाय हंबरली, अक्कांच्या यादीतली.

अण्णा उठले. स्वयंपाकघरात गेले, गुडघ्यांवर बसले आणि उपरण्याने रेघ पुसायला लागले. आमचे हे खाकरले, डोळ्यांनी खूण केली की इन्स्पेक्टर अजून घरातच आहेत! अण्णांनी मान वर केली नाही. एक रेघ पुसली, दुसरी पुसली, तिसरी पुसत पुसत माजघरात स्टुलापर्यंत आले आणि थांबले.

इन्स्पेक्टरांनी रजिस्टर मिटलं. दोन्ही पाय उचलून स्टुलावर घेतले, आणि अण्णांचं पुसून होईपर्यंत तसेच बसून राहिले.

"अम्मा," ते म्हणाले, "तुम्ही जेवायला बसा आधी. मग मला थोडं ताक द्या. मीठ घालून."