लिटरबाई आणि काचेची नळी

कारखान्यात तिला सगळे लिटरबाई म्हणायचे, तेही तोंडावर. तिला ते आवडायचं. हात धुवायची बेसिनं बनवणारा कारखाना होता तो, आणि तिथल्या माती-खोलीत तिची एकोणीस वर्षं गेली होती. साच्यात ओतायची पातळ माती आधी तिच्या हाताखालून जायची. स्टीलचं लिटरचं माप टाकीतून काठोकाठ भरायचं, वरून पट्टी फिरवायची, बाहेरून स्वच्छ पुसायचं आणि काट्यावर ठेवायचं. मापाचं वजन वजा करून अठराशे ग्रॅम भरले की माती बरोबर. कमी भरले तर पाणी जास्त, आणि पाणी जास्त झालेलं बेसिन वाळताना तडकणार म्हणजे तडकणारच.

ती इथे आली तेव्हा वाळकी ढेकळं फोडायला होती. काट्यावरच्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी एकदा विचारलं, "सातवी झालीस ना? मग वजाबाकी येत असेल." तेवढ्या वजाबाकीवर तिने माती-खोली मिळवली. पुढे तर ढवळणीच्या घरघरीवरून तिला माती कळायची, पण वहीत तिने कधी अंदाज उतरवला नाही. "अंदाज माझ्यापाशी, आकडा वहीत," असं म्हणायची.

मग नवे साहेब आले. सोबत एक काचेची नळी, खाली वजन भरलेली, वर आकडे कोरलेले. "मातीत सोडायची, किती बुडते ते वाचायचं. दहा सेकंदांचं काम. तुमचं ते भरा-पुसा-तोला बंद."

तिने पहिल्याच दिवशी ताडून पाहिलं. माप म्हणालं अठराशे, नळी म्हणाली अठराशे चाळीस. साहेबांनी नळीचं ऐकलं आणि पाणी वाढवलं. असं रोज चाललं. तिने वहीत दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिले. दुसऱ्या आठवड्यात मांडण्यांवरची बेसिनं तडकायला लागली, आणि एका सकाळी खुद्द मालक माती-खोलीत येऊन उभे राहिले.

"बाई मनाने पाणी घालतात," साहेब म्हणाले. "ह्यापुढे नळीचाच आकडा लिहून सही करायची. जमत नसेल तर आजपासून पॅकिंगमध्ये."

दारातून तिची धाकटी जाऊ डोकावली. ती शेजारच्या खोलीत बेसिनांवर चकाकीचा थर द्यायची. "वहिनी, कर की सही. पॅकिंगमध्ये निदान पंखा तरी आहे."

"तू तुझी चकाकी बघ," लिटरबाई म्हणाली. "मालक, सही मी करणार नाही. आधी एवढं बघा, मग कुठेही पाठवा."

तिने बादलीभर माती काढली, जराशी थांबली आणि साहेबांसारखीच नळी अलगद सोडली. अठराशे. मग एका बोटाने नळी खाली दाबली आणि हात काढला. नळी तिथेच. सतराशे. चिमटीत धरून वर ओढली, सोडली. पुन्हा तिथेच. अठराशे साठ.

"ह्यातला कुठला लिहू, साहेब? तुम्ही सांगाल तो काढून देते."

जाऊ फिस्सकन हसली. मालक हसले नाहीत. साहेब म्हणाले, "घट्ट झाली असेल माती."

"होणारच. न ढवळता उभी राहिली की ती नळीला धरून ठेवते. पाण्यात ही काच शहाणी आहे, साहेब. मातीत ती रुतून बसते, तरंगत नाही. म्हणून वरून सोडली की आकडा जास्त दाखवते, आणि तुम्ही वर पाणी ओतता."

मालकांनी घसा खाकरला. "बरं, दोन्ही आकडे राहू देत. तू तेवढी सही करून टाक. साहेबांचाही मान राहील."

"मान राहील, बेसिन राहणार नाही." तिने माप साहेबांच्या हातात दिलं. "माझ्यावर विश्वास नको. तुम्ही भरा."

साहेबांनी भरलं आणि तसंच काट्याकडे नेलं.

"बाहेरून पुसा. ती माती कशाला मोजता?"

त्यांनी पुसलं. सतराशे चाळीस. ओतून पुन्हा भरलं. सतराशे चाळीस. मग जाऊला भरायला लावलं. तेवढेच.

मग साहेबांनीच जाऊन पाण्याची तोटी बंद केली. परत येऊन वही उचलली आणि हळूच म्हणाले, "ही दोन आठवड्यांची पानं नव्याने लिहून काढू या. नळीचा रकाना नको आता."

मालकांनी मान डोलावली. लिटरबाईने वही साहेबांच्या हातातून काढून घेतली.

"एकही आकडा खोडायचा नाही. बेसिनं का तडकली ते माझ्यामागून येणाऱ्याला कळायला नको?" तिने त्याच पानावर खाली सतराशे चाळीस लिहिलं, सही केली आणि पेन साहेबांपुढे धरलं. "भरलं तुम्ही, मोजलं तुम्ही. इथे तुमची सही."

साहेबांनी मालकांकडे पाहिलं. मालक मांडणीवरच्या तडकलेल्या बेसिनावरून बोट फिरवत होते.

साहेबांनी सही केली. तिने ती वाळेपर्यंत वही उघडी ठेवली आणि कोरड्या मातीचं पोतं टाकीकडे ओढलं.