लाल ठिपक्याचा कप

माझा हात हलका आहे. हे मी म्हणत नाही, समुद्रपूरहून एसटीत लेकरू मांडीवर घेऊन येणाऱ्या बाया म्हणायच्या. लसीच्या दिवशी रांगेत भांडण ठरलेलं. "आमाले थेच सिस्टर पाहिजे!"

मला एचआयव्ही आहे, हे आमच्या लहानशा दवाखान्यात फक्त डॉक्टरांना माहीत होतं. नवऱ्याकडून आला. नवरा गेला, हा राहिला. गोळ्या सुरू होत्या, मी ठणठणीत होते. पण एकदा पर्समधून गोळ्यांची डबी पडली आणि ती उचलून दिली नेमकी इन्चार्ज सिस्टरनं. बाई वाईट नव्हती, भित्री होती. दुसऱ्याच दिवशी माझी ड्युटी सुईवरून रजिस्टरवर गेली. चहाच्या ट्रेमध्ये टवका उडालेला एक कप होता, त्याच्या कानाला लाल नेलपॉलिशचा ठिपका लागला. तो माझा.

रडू आलं, पण त्याहून राग जास्त आला. आठ दिवसांनी पुन्हा लसीचा दिवस उगवला. बाहेर लेकरं किंचाळतायत आणि मी आत रेघा ओढतेय! तरातरा डॉक्टरांकडे गेले.

त्यांनी खणातून नियमांचे कागद काढले. "मोठ्या ऑपरेशनात हात घालायचा नाई, तब्येत तपासत राहायची, बस. सुई, लस, ड्रेसिंग, सगळं करा. कोणाले सांगायचं, ते तुमी ठरवा. अन् काळजी सगळ्यांनी सगळ्यांपासून सारखीच घ्यायची, कोणावर खूण नाई करायची. मी बोलतो त्यांच्याशी."

"बोला सर, पण चहा झाल्यावर."

समोरच्या दुकानातून तोच लाल रंग आणला. दुकानदार म्हणाला, "काय सिस्टर, घरी लग्न हाये का?"

"हो, सहा कपांचं!"

उरलेल्या सहाही कपांना ठिपके लावून मी ट्रे जागेवर ठेवला.

चहा आला. इन्चार्ज सिस्टर ट्रेकडे बघतच राहिली. "अवं माय, हे काय करून ठेवलं वो?"

"नियम हाये सिस्टर. सगळे सारखे."

बोलायला बोलले, पण नजर तिच्यावरच होती. हुकूम काढून डॉक्टर ड्युटी देतीलही, पण या बाईच्या शेजारी मला अजून कितीतरी वर्षं बसायचं होतं. ती उठून गेली तर?

तिचा हात ट्रेवर फिरत राहिला. मग तिनं एक कप उचलला, फुंकर मारली आणि घोट घेतला.

"आता बसून काऊन राह्यली? लेकरं रडून राह्यले तिकडे," ती खेकसली. "चहा पिऊन जाजो."

मी घाईघाईत हाताला आला तो कप तोंडाला लावला. माझा कप सापडायचा प्रश्नच नव्हता. टवका उडालेला कप तिच्या हातात होता, आणि टवका तिच्या ओठांच्याच बाजूला होता.