मामांचा प्रशांत महासागर

आमच्या थोरल्या मामांइतका हताश माणूस शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत मिळून सापडायचा नाही. ही हताशा साधीसुधी घरगुती नव्हती. विहिरीची मोटर जळली, सून उलटून बोलली, तर मामा हसून सोडून द्यायचे. त्यांचं दुःख प्रशांत महासागरात होतं. मेंढपाळाच्या घरातला हा पहिला शिकलेला मुलगा मांडवगणच्या शाळेत भूगोल शिकवायला लागला, आणि आपलं नशीब हजारो मैलांवरच्या पाण्यावर ठरतं हे कळल्यापासून त्यांचं मन कशातच रमेना. "तिकडचं पूर्वेचं वारं ढिलं पडलं, की तापल्यालं पाणी माघारी फिरतं. ढग तिथंच समुद्रावर रिकामं व्हत्यात. मग तू हितं नांगर, न्हाईतर नाच," असं ते लग्नाच्या पंगतीतसुद्धा ऐकवायचे. एकदा एका दहाव्याला पिंडापुढच्या उदबत्तीचा धूर निरखत ते मोठ्यानं म्हणाले, "हे बी वारं कामाचं न्हाई." कावळ्याची वाट बघणारी मंडळी आणखीच खचली.

दौंडकडच्या पाहुण्यांच्या गुऱ्हाळावर तर त्यांनी कमालच केली. काहिलीत उसाचा रस उकळत होता. मामा आम्हा भाच्यांना दाखवू लागले, मधे रस तापून वर येतो, कडेला जातो, तिथं निवून खाली बुडी मारतो. मधलं ते विषुववृत्त, कडा ते ध्रुव. गुळव्यानं ढवळायला झारा उचलला तसा मामांनी त्याचा हात धरला. "ढवळू नका, प्रवाह मोडत्याल!" प्रवाह काही मोडले नाहीत, पण अख्खी काहील करपली. गुळव्या रडकुंडीला येऊन म्हणाला, "गुर्जी, तुमची पृथ्वी बघता बघता माझा गूळ गेला की वो."

धाकटे मामा शिकले नाहीत. आजोबांचा मेंढरांचा कळप त्यांनी सांभाळला. दिवाळीनंतर कोकणात उतरायचं, तिथं पाऊस लागायच्या आत देशावर परतायचं आणि पावसाळाभर गावच्या माळावर चारायचं, हा त्यांचा नेम. माळ हिरवा झाला तर कळप जगणार, एवढं साधं होतं.

दोन हजार साल उलटून गेल्यावरच्या एका वर्षी पाऊस लांबला. मेंढरं विकत घ्यायला एक व्यापारी ट्रक घेऊन दारात आला. धाकटे मामा एका म्हाताऱ्या मेंढीच्या लोकरीत बोटं घालून उभे होते. त्यांनी विचारलं, "दादा, तुझा समुद्र काय म्हंतोय? इकू का थांबू?"

उत्तर मला ठाऊक होतं. तिकडचं पाणी तापल्याची पेपरातली बातमी मामांनी सकाळीच मला वाचून दाखवली होती. पण मामांनी लोकरीतल्या त्या बोटांकडे बघितलं. मग म्हणाले, "थांब. वारं फिरलंय. येतोय पाऊस."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी माझा दंड दाबला. ट्रक रिकामा गेला.

पाऊस आला नाही. मेंढरं माती चाटू लागली. दसऱ्यापर्यंत निम्मी बसल्या जागी मेली, उरलेली मिळेल त्या भावानं गेली. धाकटे मामा रांजणगावच्या एका कंपनीत गेटवर वॉचमन झाले.

दर रविवारी थोरले मामा त्यांच्यासाठी डबा न्यायचे. एकदा मीच त्यांना स्कूटरवरून सोडलं. जेवताना धाकट्या मामांनी सहज विचारलं, "दादा, आज वारं कुठलं हाय?"

"मला काय कळतंय त्यातलं," मामा खाली मान घालून म्हणाले. मग त्यांचा बांध फुटला. "त्या दिशी म्या तुला खोटं सांगितलं रं."

धाकटे मामा भाकरी मोडत राहिले. "ठावं हुतं मला. जन्मात कवा पाऊस येतोय म्हणला हुतास का तू?"

"मग ट्रक का माघारी धाडलास?"

"मलाबी इकायचं न्हवतं, दादा."

मामांनी डब्याचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं, आणि भावाच्या पुढ्यात आणखी एक भाकरी ठेवली. त्यानंतर ते वाऱ्याबद्दल कधीच बोलले नाहीत, आणि आता तर तेही राहिले नाहीत. घरी उदबत्ती लावली की मी धुराकडे बघत बसतो. हे बी वारं कामाचं न्हाई, असं कुणीतरी मोठ्यानं म्हणावं असं फार वाटतं.