ताईचा डावा पाय

गावात त्याला ‘तळवेवाला डॉक्टर’ म्हणत, आणि सुरुवातीला ते काही कौतुकानं नव्हतं. पाय दुखला की मलम चोळायचं, कुरूप झालं की कापायचं, एवढंच तेव्हा लोकांना ठाऊक. यानं मात्र जाड काचेवर माणसं उभी करून खालून तळवे बघायला घेतले. पावलाचा साचा घेऊन त्यावर बेतलेला आधार बुटात बसवला, की गुडघा नि कंबरसुद्धा शांत होते, हे इथं पहिल्यांदा त्यानंच दाखवलं. बाकीचे डॉक्टर हसायचे, “हा चेहरा विसरेल, टाच नाही विसरणार!”

त्याची पहिली पेशंट मोठी बहीण. कापडाच्या दुकानात दिवसभर उभं राहून ताईचे सपाट तळवे ठणकायचे. भावाच्या आधारांनी ठणका गेला, आणि ताई गिऱ्हाइकांना कापडाआधी त्याचा पत्ता द्यायला लागली. पुढं लांबलांबून मुलं त्याच्याकडे शिकायला आली, तेव्हा ती ऐटीत सांगायची, “आधी माझे पाय शिकलाय तो!”

एके दिवशी ती दवाखान्यात आली.

“डावा पाय अडखळतोय रे. आधार झिजला असेल. नवा कर.”

“चालून दाखव.”

ती चालली. टाच टेकली की पाऊल फटकन आपटत होतं. टाचांवर उभी राहा म्हटलं, तर डावा चवडा उचललाच नाही. पोटरीच्या कातडीखाली स्नायू आपोआप थरथरत होते. दुखणं पावलात नव्हतंच.

“तोंड का पाडलंस?”

“काही नाही. नसांच्या डॉक्टरांना दाखवू एकदा.”

त्या डॉक्टरांनी तपासण्या करून स्पष्ट सांगितलं, नसा मरत चालल्यात, औषध नाही, हळूहळू हातही जातील. ताई मान डोलवत राहिली. बाहेर आल्यावर म्हणाली, “नसांचं ते बघतील. पाय तुझ्याकडे.”

त्यानं पोटरीमागून तळव्याखाली जाणारी, चवडा उचलून धरणारी पट्टी बनवली. काही महिने ती झकास चालली. मग गुडघा दगा द्यायला लागला, मग उजवा पाय. दर वेळी तो नवा साचा घ्यायचा, आणि दर वेळी आजार त्याच्या पुढं गेलेला असायचा.

दाजींनी त्याला बाजूला घेतलं. “आता पुरे कर. कशाला आशा लावतोस तिला?”

“मी नाही लावत, दाजी. तीच सोडत नाही.”

आता ताई खुर्चीतून उठत नाही. जीभही जड झालीय. परवा पायातल्या पट्ट्यांकडे बघून ती एकेक शब्द जुळवत म्हणाली, “या वेळी... चुकलास तू.”

भल्याभल्यांशी वाद घातलेला तो माणूस तिच्यापुढं जमिनीवर बसला.

“हो ताई. चुकलं माझं.”

“मग... परत कर.”

त्यानं प्लास्टर भिजवलं, तिचं पाऊल मांडीवर घेतलं. ते इतकं सैल होतं, की ठेवावं तसं राहत होतं. साचा अगदी बिनचूक निघाला. दाजी हातात टॉवेल घेऊन उभे होते. त्यांनी वाकून तिचं पाऊल पुसलं.