काचेला चिकटलेला फोटो

कुंभारी गावात चंद्रिका आणि श्रीशैल या नवरा-बायकोचं फोटोचं दुकान आहे. फोटो चंद्रिका काढते, कम्प्युटरवर श्रीशैल बसतो. एमआयडीसीतल्या कारखान्यांचे टॉवेल, चादरींचे फोटो कॅटलॉगसाठी काढायचे, हे नेहमीचं काम. चंद्रिका लेन्सवर फिल्टर चढवून तो फिरवत बसली की श्रीशैल वैतागतो. "उगाच वेळ घालवतेस. नंतर करतो की मी सगळं."

गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या गल्लीतल्या मायाक्का एक जुनी फ्रेम घेऊन आल्या. आत त्यांच्या नवऱ्याचा, शिवशरण यांचा फोटो होता. ते जाऊन पंचवीस-तीस वर्षं झाली होती.

"एवढाच फोटो हाय," मायाक्का म्हणाल्या. "काचंला चिकटलाय, काडाय गेलं तर फाटतोय. नातवाच्या लग्नात मोठा करून लावायचाय."

श्रीशैलनं काचेवरूनच मोबाइलनं फोटो घेतला. काचेत पडलेली दुकानाची खिडकी कपाळावर, भुवईवर पांढरी उमटली होती. ती त्यानं सॉफ्टवेअरमधून पुसली आणि स्वच्छ चेहरा मायाक्कांपुढे धरला.

त्या बराच वेळ बघत राहिल्या. "हे कोण?"

"तुमचे मालकच की, आक्का."

"न्हाय. त्यांच्या भुवईला खाच हुती. बैलाचं शिंग लागलेलं."

खिडकीखाली झाकलेली भुवई सॉफ्टवेअरनं अंदाजानं भरली होती.

चंद्रिकानं फ्रेम टेबलावर आडवी ठेवली, कॅमेरा घेऊन जराशी तिरकी उभी राहिली आणि चकाकी कापणारा फिल्टर हळूहळू फिरवला. काचेवरची खिडकी फिकट होत गेली, मग दिसेनाशी झाली. खाली खाच होती.

पण तिरका काढल्यानं चेहरा एका बाजूला निमुळता आला होता.

"हे मला जमायचं नाही. तुम्हीच बघा," ती श्रीशैलला म्हणाली.

श्रीशैलनं तो सरळ केला, पिवळेपणा काढला, बुरशीचे ठिपके एकेक करून घालवले. डाव्या कानापाशी मात्र रंगच उडून गेला होता. तिथं त्याचा हात थांबला.

"आक्का, हितं कान बनवू का?"

मायाक्कांनी आठवून बघितलं. "त्यो कसा हुता, मलाबी सांगता यायचं न्हाय. ऱ्हाऊ दे तसाच."

लग्नात फोटो मांडवाच्या दाराशी लावला होता. कानाच्या जागी पांढरा डाग होता. नवरदेवानं आजोबांना कधी पाहिलं नव्हतं. पाया पडून झाल्यावर त्यानं भुवईला काय झालं होतं ते विचारलं, आणि मायाक्का त्याला बैलाची गोष्ट सांगायला खुर्ची ओढून बसल्या.