डायवर जेवला का?

श्रीलंकेला निघायच्या आधी सहलवाल्यांनी लातूरला आमची बैठक घेतली. कपडे किती घ्यायचे, विहारात चपला कुठं काढायच्या, हे सांगून झाल्यावर मॅनेजर म्हणाला, "शेवटच्या दिवशी गाईडला आणि ड्रायव्हरला टीप द्यायची असते. सगळ्यांचं मिळून एक पाकीट करू. आपापलं वेगळं कुणी देऊ नका, त्यानं कमी-जास्त होतं."

औशाच्या एक रिटायर मास्तरीणबाई आमच्यासोबत होत्या. त्या म्हणाल्या, "सहलीचे पैसे भरलेत की आम्ही. डायवरला पुन्हा वेगळे कशाला?"

"तिकडची रीत आहे, बाई."

मी विचारलं, "त्याच्या जेवणाचं काय?"

"कुणाच्या?"

"डायवरच्या."

सगळे हसले. सोबत आलेला माझा मुलगा हळूच म्हणाला, "आई, तिथं डायवर उपाशी नसतात." मला ते पटलं नव्हतं. मी जन्मभर डायवरची बायको होते. डायवर उपाशी कसा राहतो ते मला ठाऊक आहे. गाडीतली सगळी माणसं जेवून ढेकर देतात आणि प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्या कुणीतरी त्याला विचारलं असेल.

आमचे मालक मोठ्या दुष्काळात पाण्याच्या टँकरवर होते. तेव्हा लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. औशाकडच्या गावांना ते पाणी पोचवायचे. आम्ही बौद्ध. त्या गावांना आमच्या हातचं पाणी चालत नव्हतं, टँकरचं चालत होतं. टँकर आला की घागरी घेऊन अख्खं गाव धावायचं, बायकांची भांडणं व्हायची, टँकर रिकामा व्हायचा, आणि मालक केबिनमध्ये बसलेले असायचे. मी भाकरी बांधून द्यायचे. पण ती रेशनवर मिळणाऱ्या लाल मिलोची, परदेशी ज्वारीची. दुपारपर्यंत तिचा दगड व्हायचा.

एका गावात एका शेतकऱ्याची म्हातारी आई होती. एक दिवस तिनं घागर भरली, डोक्यावर घेतली आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं विचारलं, "डायवर जेवला का रं?"

लोक आपापल्या घागरी उचलून चालायला लागले. ती घरी गेली आणि भाकरी-ठेचा घेऊन आली. पानावर नाही, घरच्या ताटात.

मालक म्हणाले, "माय, ताट बाटंल की."

म्हातारी म्हणाली, "तूच आणलेल्या पाण्यानं धुनार हाय ते. खा गप."

हे मालकांनी मला किती वेळा सांगितलं असेल! सांगताना दर वेळी त्या ठेच्यात लसूण होता हे सांगायला विसरायचे नाहीत.

पुढं लातूर नवा जिल्हा झाला आणि ते सरकारी जीपवर लागले. नव्या कचेरीत अजून पुरत्या खुर्च्या आल्या नव्हत्या, जिपा मात्र आल्या होत्या. साहेबांना घेऊन ते नांदेड, मुदखेड, उमरी करायचे. कुणी उतरताना चहापाण्याला नोट द्यायचं. कुणी तोंड दुसरीकडं करून सीटवर टाकायचं. मालक ती घ्यायचे. लेकरं होती, का नाही घेणार? पण घरी येऊन नोटेचं कधी सांगितलं नाही. जेवायला कुणी विचारलं ते सांगायचे. "उमरीला लग्नाला गेलतो साहेबासंगं. नवरीचा बाप सोता जिपीपाशी आला. म्हनला, डायवर जेवला का?" त्या नवरीचं रूप कसं होतं विचारलं तर त्यांना सांगता येत नव्हतं.

असं सगळं डोक्यात घेऊन मी श्रीलंकेत फिरत होते. आमचा डायवर टकला, हसऱ्या तोंडाचा माणूस होता. चढता-उतरताना माझा हात धरायचा. पण आम्ही जेवायला बसलो की हा मागच्या बाजूला कुठंतरी नाहीसा व्हायचा. आमच्यातल्या कुणीही त्याला विचारत नव्हतं. एका दुपारी कँडीच्या वाटेवर हॉटेलात बसलो आणि माझ्याच्यानं राहवेना. ताट समोर आलं, मी घास उचलला नाही.

मास्तरीणबाई म्हणाल्या, "मावशी, जेवा की. गार होऊन राहिलंय."

"डायवर बसल्याबिगर मी जेवत न्हाई."

मॅनेजर आला. "आजी, इथं तसं नसतं."

"मग कसं असतं?"

मुलगा म्हणाला, "आई, लोक बघायलेत."

"बघू दे."

शेवटी गाईड मागं गेला आणि डायवरला घेऊन आला. तो हात पुसत आला, माझ्याशेजारी बसला. मी माझ्या हातानं त्याला वाढलं. वरण, भेंडी, पोळी. तो मान खाली घालून सावकाश खात होता. मला वाटलं, जिंकले.

मग गाईड मुलाला हिंदीत काहीतरी म्हणाला आणि मुलानं कपाळाला हात लावला. "आई, इथं प्रत्येक हॉटेलात मागं डायवर-गाईडची वेगळी खोली असते. त्यांना फुकट आणि गरम वाढतात. त्याचं ताट वाढलेलं होतं. मासे होते. आणि त्याच्या मेहुण्याची गाडीपण आज इथंच थांबलीय, लई दिवसांनी भेटले होते दोघं. तू म्हातारी म्हणून तुझ्या शब्दाखातर उठून आला."

मास्तरीणबाईंना तेवढंच पाहिजे होतं. "घ्या! मावशीनं बिचाऱ्याला माशावरून उठवून भेंडीवर बसवलं."

टेबलभर हसू झालं. मी हसले नाही. मला मालकांची एक गोष्ट आठवली, जी मी पार विसरले होते. एका मोठ्या साहेबानं त्यांना एकदा मानानं आपल्या टेबलावर जेवायला बसवलं होतं. घरी आले आणि आल्या आल्या भाकरी मागितली. म्हणाले, "घास उतरंना गं. आमचे समदे डायवर भाईर लिंबाखाली डबे सोडून बसलते. हसून राहिलते. मी आत काटा-चमचा धरून."

मी उठले. डायवरच्या खांद्याला हात लावला आणि मराठीतच म्हणाले, "ऊठ बाबा. चल, तुझ्या मान्सात चल."

त्याला समजलं. मी त्याच्या मागोमाग गेले. मागच्या खोलीत लांब बाक, त्यावर डायवर लोक बसलेले, हातानं भात-मासे खाणारे. एकानं त्याच्या ताटावर दुसरं ताट उलटं घालून ठेवलं होतं. तोच मेहुणा असणार. याला बघताच सगळ्यांनी आरडाओरडा केला, कुणी भेंडी हातात धरल्यासारखं करून दाखवलं. म्हणजे बातमी आधीच पोचली होती. हा टकल्या लाजला आणि भातावर तुटून पडला.

मी निघणार तेवढ्यात तो थांबला. माझ्याकडं बघितलं, बोटं तोंडाशी नेली आणि भुवया वर केल्या.

माझं ताट तसंच राहिलं होतं. त्याला वाढायच्या नादात मी घास घेतला नव्हता. मी नाही म्हणून मान हलवली. मेहुण्यानं लगेच सरकून जागा केली, समोर भात आणि लालभडक कालवणातला मासा आला. मी बसले आणि जेवले. लसूण भरपूर होता.

शेवटच्या दिवशी विमानतळावर पाकीट फिरलं. मीही माझ्या परीनं टाकलं. रीत आहे तर पाळायची, आणि त्यालाही लेकरं असतील. मॅनेजरनं ते सगळ्यांच्या वतीनं दिलं. डायवरनं न उघडता खिशात घातलं. मग माझी पिशवी उतरवून हातात दिली आणि पुन्हा बोटं तोंडाशी नेली.

"हाव, जेवले," मी म्हणाले. "येतो आमी."